जुना रस्ता फोडून त्याचीच खडी नव्या काँक्रीटमध्ये घालतात म्हणे, चालतं का हे?

पेडण्याचा_पावणा:
नमस्कार मंडळी, सिव्हिलवाल्यांनी जरा लक्ष द्या. आमच्या वाड्यावरचा आतला रस्ता, पेडणे तालुका, लांबी २२० मीटर, ह्या सीझनला काँक्रीटचा होणार आहे, टेंडर झालंय. त्यातला पहिला ६० मीटरचा तुकडा आधीपासून काँक्रीटचाच आहे, पंधरा-एक वर्षांचा, आता त्याच्या ठिकऱ्या झाल्यात आणि एका बाजूने खचलाय. पुढचे १६० मीटर डांबर, त्यावर दर इलेक्शनला एक थर चढत आलाय.

आता ठेकेदार म्हणतोय की हे दोन्ही फोडतो, क्रशरवर नेऊन दळून आणतो आणि अर्धी नवी अर्धी ही अशी खडी मिसळून नवीन काँक्रीट टाकतो, परदेशात सगळे असंच करतात आणि आता सरकारनेच सांगितलंय म्हणे. वाड्यावर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते बरंच आहे की, डंपरच्या फेऱ्या वाचतील, नाहीतर हा सगळा राडा रात्री कुणाच्या तरी शेतात नाहीतर खाडीकाठच्या खाजनात जाऊन पडणार हे काय आपल्याला माहीत नाही. दुसरी पार्टी म्हणते वाळवी लागलेल्या वाशांवर कोणी नवं छप्पर घालतं का. माझे बाबा दुसऱ्या पार्टीत, मी कॉमर्सवाला, मला दोन्ही पटतं.

एस्टिमेटमध्ये खाली १० सेंमी पीसीसी (बिनसळीचं काँक्रीट) एम-१० आणि वर १८ सेंमी एम-३० असं आहे (एम म्हणजे ताकदीची ग्रेड, आकडा मोठा तितकं मजबूत), रुंदी साडेतीन मीटर. गाड्या म्हणाल तर पूर्वी काहीच नव्हत्या, पण मोपाचा विमानतळ २०२३ ला सुरू झाला तेव्हापासून आसपास होमस्टे निघालेत आणि १० हजार लिटरचे पाण्याचे टँकर दिवसाला चार-पाच तरी आत येतात. जत्रेच्या आधी काम संपवायचंय म्हणून सगळे घाईत. खरं काय ते सांगा.

खडीवाला_डिचोली:
ठेकेदाराला एकच विचार, क्रशर कुठला? नेहमीच्या खाणीवरच्या क्रशरवाल्याला डांबराचे तुकडे नकोच असतात, जबड्यात चिकटतात, उन्हात तर गोळेच होतात. आणि जुन्या काँक्रीटमधून सळीचा एखादा तुकडा आला की बेल्ट फाटतो, मग दिवस गेला. छोटा फिरता क्रशर भाड्याने मिळतो पण एवढ्याशा मालासाठी तो आणायचा म्हणजे गणपती लहान आणि मखर मोठं. मला तरी वाटतं तो दळणार वगैरे काही नाही, ब्रेकरने फोडणार आणि तसंच आत टाकणार. ह्यावर नजर ठेवा.

लॅबमधली_ताई:
मी मटेरियल टेस्टिंगमध्ये आहे, काँक्रीटचे क्यूब म्हणजे चौकोनी ठोकळे फोडून ताकद बघणं हाच धंदा, म्हणून जरा लांब लिहिते, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे तुझा ठेकेदार दोन वेगवेगळ्या वस्तू एकाच घमेल्यात घालतोय. जुनं काँक्रीट फोडून मिळते ती खडी वेगळी आणि डांबरी रस्ता उखडून मिळतो तो माल वेगळा. दोघांचं दुखणं वेगळं.

जुन्या काँक्रीटची खडी म्हणजे आतमध्ये मूळचा दगड आणि बाहेर जुन्या सिमेंट-वाळूचं कवच. दगड चांगलाच असतो, भानगड कवचाची. ते सच्छिद्र असतं, पाणी पितं आणि ठोकलं की भुगा होतो. आपली नेहमीची काळी खडी एक टक्क्याच्या आसपास पाणी शोषते, ही सहज पाच-सहा टक्के. आयएस ३८३ हे खडी-वाळूचं आपलं भारतीय मानक, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत ही खडी रीतसर घेतलेली आहे, म्हणजे 'सरकारने सांगितलंय' हे अगदीच खोटं नाही. पण किती ते पण तिथेच लिहिलंय ना! साध्या, म्हणजे बिनसळीच्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळीच्या काँक्रीटमध्ये २० टक्के आणि तेही एम-२५ पर्यंतच, आणि एम-१५ च्या खालच्या लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये शंभर टक्के. एम-३० मध्ये अर्धी-अर्धी कुठेच नाही. शिवाय इंडियन रोड्स काँग्रेसचं, म्हणजे आयआरसीचं, २०१७ चं आयआरसी १२१ आहे, ते खास बांधकामाच्या राड्यारोड्याचा रस्त्यात वापर कसा करायचा ह्यावरच आहे. एस्टिमेट करणाऱ्या साहेबांना ह्या दोघांची नावं सांग, त्यांना लगेच कळेल.

डांबरी मालाचं मात्र तसं नाही. त्या मानकातल्या टेबलात स्लॅग (भट्टीतली मळी) आहे, राख आहे, पण डांबर लागलेल्या खडीला जागाच नाही. कारण सोपं आहे, सिमेंट डांबराला धरत नाही. मध्ये एकदा एकाने हौसेने मिक्स करून क्यूब आणून दिले होते. चांगला क्यूब फुटतो तेव्हा दगडसुद्धा तुटलेला दिसतो, ह्यात काळे खडे अख्खेच्या अख्खे निसटून आलेले आणि मागे गुळगुळीत खळगा, फणसाच्या गऱ्यातून आठळी काढल्यावर राहतो तसा. भेग जाते ती काळ्या खड्याला वळसा घालून, डांबराच्या त्या पातळ थरातूनच. त्यामुळे ताकद घटते. खरं सांगायचं तर वाकवून तोडण्याची ताकद त्या मानाने कमी घटते, दाबाची जास्त घटते, आणि असं काँक्रीट एकदम काडकन न मोडता जरा दम धरून मोडतं, म्हणून संशोधनवाले त्याच्या मागे आहेत. आयआयटी रुरकीत ह्यावर बरंच काम झालंय, डांबराचा थर घासून-आपटून काढून टाकायचा आणि मग ती खडी वापरायची असा एक प्रकार पण त्यांनी केलाय. पण ते लॅबमध्ये धुतलेलं, चाळलेलं, प्रमाणात. तुझ्या वाड्यावर जेसीबीने उचललेला डांबराचा पापुद्रा म्हणजे वर डांबर, खाली लाल मुरूम आणि मध्ये गटारातली माती. तो एम-३० मध्ये नको. ह्यावर मी वाद घालणार नाही.

पणजी_ते_पत्रादेवी:
एवढी फोडाफोड कशाला पण? डांबरावरच थेट काँक्रीट टाका ना. व्हाइटटॉपिंग म्हणतात, आयआरसीचं वेगळं पुस्तकच आहे, एसपी ७६. जुनं डांबर खाली भक्कम असेल तर १० ते २० सेंमी काँक्रीट पुरतं, राडा नाही, डंपर नाही, काही नाही.

पेडण्याचा_पावणा:
भाऊ तेच तर करता येत नाही. इथे घरं रस्त्याला टेकून आहेत, जुनी चिऱ्यांची. तीन वेळा डांबर चढवून रस्ता आधीच आमच्या सोप्याच्या बरोबरीला आलाय. गेल्या जूनमध्ये शेजारच्या काकूंच्या तुळशीवृंदावनापर्यंत पाणी, दोन रात्री मोटार लावून उपसलं, त्या अजून पंचाला ऐकवतात. अजून १८ सेंमी वर गेलो तर सरळ खोलीत. त्यामुळे खणून लेव्हल खाली घ्यायची हे ग्रामसभेत लिहूनच घेतलंय.

पणजी_ते_पत्रादेवी:
हं, मग बरोबर. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस, लेव्हल चुकली की संपलं. माघार घेतो.

साईटवरचा_दत्ता:
ताईंनी पुस्तकातलं सांगितलं, मी साईटवरचं सांगतो, स्वतः भोगलेलं. बार्देशात एका कंपाउंडच्या आतला रस्ता होता, मी सुपरवायझर, मालकाने जुनी काँक्रीटची फरशी फोडून तीच वापरायची असं ठरवलं, पंचवीस टक्केच, सगळं नियमात, डिझाइन मिक्स पण करून आणलेलं. एप्रिलचा शेवट, सकाळी अकराची वेळ, ढिगावर हात ठेववत नव्हता इतकी खडी तापलेली, आणि कोरडी ठाक. मिक्सरमधून माल मस्त बाहेर आला, स्लंप घेतला (माल किती पातळ-घट्ट आहे त्याची चाचणी), बरोबर. तो माल डंपरने दोनशे मीटरवर नेऊन ओतून फावड्याने ओढेपर्यंत दगड झालेला, कारण सगळं पाणी त्या खडीनेच पिऊन टाकलं. मग लेबरने काय केलं असेल? जे नेहमी करतात तेच, 'पाणी मार रे' आणि पाइप सोडला वरून. मी ओरडेपर्यंत दोन पॅनल झालेले. दिसायला एकदम गुळगुळीत, सगळे खूश. दिवाळीपर्यंत त्याच दोन पॅनलची वरची कातडी झाडूबरोबर निघायला लागली, झाडलं की पांढरी पूड. बाकीचे पॅनल अजून ठीक आहेत, खडी तीच, सिमेंट तेच.

दुसऱ्या दिवसापासून मी रात्रीच ढीग भिजवून त्यावर ओली गोणपाटं टाकायला लावली आणि सकाळी वरचं पाणी निथळल्यावरच खडी मिक्सरला घ्यायची, मग काही त्रास झाला नाही. म्हणजे खडी वाईट नव्हती, तहानलेली होती. पण हे सगळं करायला साईटवर उभा राहणारा एक माणूस लागतो आणि गावच्या कामात तोच नसतो, ठेकेदार सकाळी येऊन चहा पिऊन जातो.

लॅबमधली_ताई:
दत्ता, अगदी हेच. मानकात सुद्धा साधी मर्यादा पाच टक्के आहे आणि पुनर्वापराच्या खडीला दहापर्यंत सूट दिलीय ती आधी भिजवून घेण्याच्या अटीवरच. ती अट कोणी वाचत नाही.

फोंड्याचा_फिरंगी:
मंडळी पण एवढं घाबरायचं कारण नाही हं. बाहेर खरोखरच करतात, मोठ्या हायवेवर करतात. ऑस्ट्रियात व्हिएन्ना ते साल्झबर्ग हायवे नव्याने केला तेव्हा जुनं काँक्रीट तिथल्या तिथे फोडून नव्यात घातलं, थोडा डांबरी माल पण चालवला त्यात. अमेरिकेत शिकागोच्या बाजूला टोल रोडवाल्यांनी तर चाळलेली डांबरी खडी काँक्रीटमध्ये वापरली. आपण मात्र नेहमी आधी नाही म्हणायचं आणि मग डोंगर पोखरायचे. चांगली खडी मिळायची आपल्याकडे आधीच मारामार, खाणी बंद झाल्या की सहा-सहा महिने कामं अडतात. मला तरी ठेकेदाराचं कौतुक वाटतं, हेतू काही का असेना.

लॅबमधली_ताई:
फिरंगी बाब, दोन्ही उदाहरणं खरी आहेत, पण अर्धी सांगितलीत. त्या दोन्ही ठिकाणी काँक्रीट दोन थरांत टाकलंय. खालच्या जाड थरात जुना माल आणि वर पातळ वेगळा थर, तोही खालचा ओला असतानाच. ऑस्ट्रियात वरच्या थरात टणक नवी खडी घेतली, टायर घासतो तो तिच्यावर. आपल्या वाड्यावर एकाच मिक्सरने दोन थर ओल्यावर ओला टाकणं जमणार आहे का?

आणि अमेरिकेचं म्हणाल तर मिशिगनची गोष्ट पण सांगा ना. तिथे १९८० च्या दशकात हायवेवर अशी खडी घातली आणि बऱ्याच रस्त्यांना स्लॅबच्या मधोमध भेगा गेल्या. भेग तशी काँक्रीटला जातेच, पण एरवी भेगेच्या दोन्ही बाजूंचे मोठे टणक दगड दातात दात अडकल्यासारखे राहतात आणि चाकाचं वजन ह्या बाजूकडून त्या बाजूला जातं. तिथली खडी बारीक आणि कवचवाली, ते दात झिजून गेले, मग प्रत्येक ट्रकबरोबर एक कड खाली दुसरी वर. गावच्या रस्त्याला हे जास्त लागू होतं बरं का, कारण मोठ्या रस्त्याला सांध्यात डॉवेलच्या, म्हणजे दोन स्लॅब जोडणाऱ्या सळया असतात, आपल्याकडे १८ सेंमीच्या रस्त्यात त्या कोणी घालत नाही, सगळी भिस्त त्या दगडांच्या दातांवर. आणि टँकर. होमस्टेच्या पन्नास स्कूटरनी काही होत नाही, पण १० हजार लिटरचा भरलेला टँकर म्हणजे नुसतं पाणीच १० टन.

मी वापरू नका म्हणत नाहीये. कुठे वापरायचं ते बघा म्हणतेय. पावण्या, तुझ्या आकड्यांचा हिशोब करून बघितला, जाडी मी अंदाजाने धरलीय. ६० मीटर जुनं काँक्रीट, ३ मीटर रुंद, १२ सेंमी धरलं तर साधारण ५० टन. दळून, चाळून, माती-भुगा काढून खडी म्हणून ३० टन हातात आली तर देवाची कृपा. तुझ्या वरच्या एम-३० ला खडी लागणार १६० टनांच्या आसपास, आणि खालच्या एम-१० ला ९० टनांच्या आसपास. मग ती ३० टन सगळीच्या सगळी खालच्या पीसीसीत घाल की! तिथे मानकाने शंभर टक्के मोकळीक दिलीय आणि तुझी तर एक तृतीयांशच भरते. वर सगळी नवी खडी. ठेकेदाराची एक फेरी पण बाहेर जात नाही आणि बाबांना पण झोप लागेल.

डांबर १६० मीटर, ६ सेंमी धरलं तर साठ-पासष्ट टन. ते खरं म्हणजे परत डांबराच्या प्लांटलाच जायला हवं, आतलं डांबर गरम केलं की पुन्हा कामाला येतं, त्यासाठी पण आयआरसी १२० आहे. पण एवढ्या मालासाठी प्लांटवाला उभा करणार नाही हे मला माहीत आहे. मग साइडपट्टीला टाका. काँक्रीटचा रस्ता झाला की दोन्ही बाजूंना १८ सेंमीची उघडी कड राहते, रात्री समोरून गाडी आली की स्कूटरवाला त्या कडेवरून खाली जातो, दर गावात एक तरी हात मोडलेला आहे असा. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर, डांबराचे तुकडे बारीक फोडून, भर दुपारी उन्हात रोलर फिरवला की छान बसतं. २२० मीटरला दोन्ही बाजू मिळून साधारण तेवढाच माल लागतो. फक्त गटाराच्या बाजूला उतार ठेवा.

खडीवाला_डिचोली:
ताई लाख बोललात. ह्यात एक भर घालतो, आमच्या भागात नेहमी होतं ते. फोडलेल्या काँक्रीटच्या ढिगात चिऱ्याचे तुकडे घुसडतात. कोणाचं तरी कंपाउंड पाडलेलं असतं, तो राडा पण त्याच डंपरमध्ये. चिऱ्याच्या मानकातच १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषलेलं चालतं असं आहे, भिंतीला ठीक, खडी म्हणून बाद. लाल तुकडा दिसला की उचलून बाजूला काढायचा, दया करायची नाही.

साईटवरचा_दत्ता:
आणि ते जुनं काँक्रीट खाडीच्या वाळूचं आहे का ते पण विचार. आमच्याकडे पूर्वी सर्रास खारी वाळू जायची.

पेडण्याचा_पावणा:
आहे ना, तेरेखोलच्या खाडीचीच वाळू असणार, तेव्हा दुसरी कुठून आणणार. त्याने काय होतं?

लॅबमधली_ताई:
मीठ सळीला खातं. तुझ्या पीसीसीत सळी नाहीच, त्यामुळे तिथे फारसा फरक पडत नाही. पण ठेकेदार उद्या म्हणाला की वर सळीची जाळी घालून मजबूत करून देतो, तर त्या थरात ही खडी अजिबात नको. अजून एक कारण ती खालीच ठेवायचं.

पेडण्याचा_पावणा:
सगळ्यांचे खूप आभार. काल रविवारी बैठक होती, ताईंचा मेसेज प्रिंट काढून नेला. ठेकेदार आधी चिडला, म्हणाला नेटवरच्या इंजिनियरना साईटवर पाठव. मग ज्युनिअर इंजिनियर आले होते त्यांनी वाचलं आणि ते म्हणाले पीसीसीत चालेल, मी लिहून देतो, पण मालाची टेस्ट आधी. २०१६ च्या राड्यारोड्याच्या नियमात सरकारी कामात असा माल १० ते २० टक्के वापरायला लावा असं होतं हे पण त्यांनीच सांगितलं, म्हणजे ठेकेदाराने ते कुठेतरी अर्धवट ऐकलेलं. क्रशरचं खडीवाला म्हणाले तेच निघालं, त्याने क्रशरशी बोलणंच केलेलं नव्हतं. आता डिचोलीच्या बाजूला एकजण सळी काढून दिली तर घ्यायला तयार झालाय, डांबर नको म्हणाला अर्थातच.

टेस्टचा रिपोर्ट यायला आठवडा आहे. तोपर्यंत घरच्या घरी काही बघता येतं का? ब्रेकरने फोडलेले थोडे तुकडे पडलेत.

लॅबमधली_ताई:
बघता येतं. ताकदीचं नाही, पाण्याचं. तुकडे सुपारीएवढे फोड, स्वच्छ धू, दोन दिवस कडक उन्हात नाहीतर चुलीवर तव्यात कोरडे कर, वजन कर. २४ तास बादलीत बुडवून ठेव, काढून जुन्या पंच्याने प्रत्येक खडा पुस, ओला दिसायला नको पण आतून भिजलेला हवा, लगेच वजन कर. नवीन खडीचं पण तसंच करून बघ, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल.

पेडण्याचा_पावणा:
केलं. वजनकाटा नाक्यावरच्या काजूवाल्याकडून आणला, त्याला वाटलं काजूचं काहीतरी आहे, खडी बघून तो हसतच सुटला. नवीन खडी २ किलोची झाली २ किलो २० ग्रॅम. जुन्या रस्त्याची २ किलोची झाली २ किलो ११० ग्रॅम. पुसत बाबा बसले होते, एकेक खडा, आणि बादलीच्या तळाला मातीचा हा एवढा गाळ. त्यांनी त्यातून चिऱ्याचे तीन तुकडे पण शोधून काढलेत, ते बैठकीत दाखवायला म्हणून खिडकीत ठेवलेत.

साईटवरचा_दत्ता:
साडेपाच टक्के. गोणपाटं आत्ताच सांगून ठेव, बाजारात आयत्या वेळी मिळत नाहीत.